दीडशे लिटर

आमच्या होडीच्या पाण्याच्या टाकीत दीडशे लिटर पाणी मावते. टाकी पुढच्या बिछान्याच्या फळीखाली आहे. रोज दिवेलागणीला आमच्यापैकी एकजण गादी दुमडतो, फळी उचलतो, झाकण फिरवून टाकीत एक लाकडी पट्टी उभी सोडतो आणि ओली रेघ कुठवर आली ते पाहून दुसऱ्याला आकडा सांगतो. दुसरा तो वहीत लिहितो. ही वही आता तिसरी आहे. पहिल्या दोन वह्या महाविद्यालयातून आलेल्या, हजेरीसाठी मिळालेल्या होत्या. त्यांतल्या उरलेल्या पानांवर अनुक्रमांकांच्या जागी तारखा आल्या आणि उपस्थितीच्या जागी लिटर आले.

आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक, मूळचे लातूरचे. 2022 च्या जूनमध्ये आमच्यापैकी एकाने कायम नोकरीचा राजीनामा दिला. दुसरीला राजीनामा देण्याचीही गरज पडली नाही. चौदा वर्षे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याला केवळ पुढच्या वर्षी अर्ज न करणे पुरते. त्याच वर्षीच्या दिवाळीनंतर आम्ही गोव्यात मांडवीच्या पात्रात, दिवाडी बेटाच्या अलीकडच्या एका वळणावर, एकोणतीस फूट लांबीच्या शिडाच्या होडीत राहायला आलो. होडी फायबरची आणि जुनी आहे, पूर्वी एका निवृत्त जहाजी अधिकाऱ्याची होती. तिला एक डोलकाठी, दोन शिडे, झोपायला तीन माणसांची आणि उभे राहायला एका माणसाची जागा आहे. राहता फ्लॅट विकून ती घेतली. उरलेले पैसे बँकेत आहेत आणि त्यांच्याकडे आम्ही टाकीकडे पाहतो तसेच पाहतो.

आमचे स्नेही याला ‘नवे जीवन’ म्हणतात. काहींच्या स्वरात कौतुक असते, काहींच्या स्वरात आजारी माणसाविषयी बोलतानाचा सावधपणा असतो. तुम्हाला कसे वाटते, असे कोणी विचारले की आम्ही ‘कृतज्ञ वाटते’ असे उत्तर देत असू. उत्तर खोटे नव्हते, पण ते निरोपसमारंभातल्या भाषणासारखे होते. कोणाविषयी कृतज्ञ आणि कशासाठी, हे आम्हाला नेमके सांगता आले नसते. ते सांगता येण्यास पुढची दोन वर्षे जावी लागली.

प्रथम थोडे साहित्याविषयी, कारण सवय सुटत नाही. आम्ही वर्षानुवर्षे जी मराठी कविता शिकवली तीत होड्या पुष्कळ आहेत. नावा आहेत, तारू आहे, पैलतीर तर पानोपानी आहे. पण त्या नावेत कोणी राहत नाही. संतांची नाव ही उतरून जाण्यासाठी असते. पलीकडे पोहोचले की तिचे काम संपले. कुसुमाग्रजांचा ‘विशाखा’तला कोलंबस (1942) समुद्राला आव्हान देतो, तोही कुठेतरी पोहोचण्यासाठीच. नावेत भात शिजवणारा, नावेच्या तळातले पाणी उपसून मग पेपर तपासायला बसणारा माणूस आमच्या पाठ्यक्रमात कधी भेटला नाही. ही तक्रार नव्हे. परंतु आम्ही ज्या जगण्यात शिरलो होतो त्याची प्रतिमा आमच्या भाषेने आम्हाला दिली नव्हती, हे पहिल्या महिन्यातच ध्यानात आले. कोळ्यांच्या गीतांत ती असेल. आम्ही ती लोकसाहित्याच्या प्रश्नपत्रिकेत टिपा लिहिण्यापुरती शिकवली होती. शब्द मात्र भाषेत भरपूर होते. सुकाणू, नाळ, उधाण, भांग, मतलई वारा, खारा वारा. भूगोलाच्या पुस्तकात सातवी-आठवीत पाठ केलेला मतलई वारा रोज पहाटे मानेवरून जाऊ लागला तेव्हा त्या शब्दाला अंग आहे असे प्रथमच वाटले.

ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायातले मायानदीचे रूपक मराठीच्या बहुतेक अध्यापकांनी केव्हा ना केव्हा शिकवलेले असते. नदीचा पूर, तिचे भोवरे, तीतले जलचर; स्वतःच्या बुद्धीच्या भरवशावर शिरलेल्यांचा पत्ताही न लागणे; आणि शेवटी, जे सर्वभावाने शरण गेले त्यांच्यासाठी ते पाणी अलीकडच्या काठावरच संपून जाणे. हे रूपक वर्गात समजावताना एकदा मागच्या बाकावरचा एक मुलगा हळूच म्हणाला होता, “सर, म्हणजे लातूरचे सगळे शरण गेलेलेच की.” वर्ग हसला, आम्हीही हसलो. ते 2016 चे वर्ष होते.

त्या वर्षीचे सविस्तर सांगायला हवे, कारण होडीची गोष्ट तिथूनच सुरू होते. मांजरा धरण कोरडे पडले होते. मार्चमध्ये शहरातल्या पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदी लागू करावी लागली. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी आली, पाच लाख लिटरची. पुढे तिच्या वाघिणी पन्नास झाल्या, आणि एका खेपेचे पाणी पंचवीस लाख लिटर. साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपास अंतरावरून पाणी रुळांवरून येत होते आणि आमच्या गल्लीत त्यातले आठ-दहा दिवसांनी एकदा टँकरने उतरत होते. आमच्या फ्लॅटमध्ये तेव्हा आई राहायला होती. खरे म्हणजे ती एकाची आई आणि दुसरीची सासू, पण वीस वर्षांत हा भेद उरलेला नाही. टँकरच्या रांगेत तिने आम्हाला कधी उभे राहू दिले नाही. तुम्ही भांडता येत नसलेली माणसे, असे तिचे म्हणणे होते. ती घागरी, कळशा, पिंप, डबे भरून घेई आणि मग कोणते पाणी कशाचे हे ठरवून देई. त्या उन्हाळ्यात आम्ही तिच्यावर चिडत असू. हात धुताना नळ सोडल्यासारखे पाणी घेतले म्हणून पन्नाशीकडे झुकलेल्या पाहुण्यालाही ती बोलत असे. आम्हाला ते दारिद्र्याचे वळण वाटे. पाऊस आला, मांजरा भरले, गच्चीवरच्या टाकीतून नळाला पाणी आले आणि आम्ही ते सारे विसरलो. शिकलेली माणसे लवकर विसरतात.

होडीचा विचार मनात कसा आला हे सांगणे कठीण आहे, आणि जे सांगता येते ते फारसे रोचक नाही. गोव्यात एका चर्चासत्राला आलो असता संध्याकाळी पणजीच्या धक्क्यावर फिरत होतो. एक होडी विकाऊ असल्याची पाटी दिसली. हसण्यावारी चौकशी केली. ती होडी नव्हे, चार वर्षांनी दुसरीच घेतली. दरम्यान शिकणे झाले, कर्ज फिटले, आणि तासिका तत्त्वाचे आणखी चार करार झाले आणि संपले. अंतर मोजायचे तर व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटींचे उदाहरण आम्हाला धीर देत असे. भारतीयाने एकट्याने शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी, ही कल्पना त्यांनी लावून धरली. त्या कल्पनेतून ‘म्हादई’ ही होडी इथेच, दिवाडीवरच्या रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधली गेली आणि 2009-10 मध्ये दिलीप दोंदे तिच्यातून प्रदक्षिणा करून आले. पाठोपाठ 2012-13 मध्ये अभिलाष टॉमी कुठेही न थांबता. आवटींनी निवृत्तीनंतरचा काळ काढला तो मात्र फलटण तालुक्यातल्या विंचुर्णीत, पर्जन्यछायेच्या मुलखात. 2018 मध्ये ते गेले. कोरड्या जमिनीवर बसून समुद्राचा विचार करणारा माणूस आम्हाला आमच्या जातीचा वाटला. अर्थात आमची झेप म्हणजे डिसेंबरातल्या चांगल्या दिवशी आग्वादच्या पलीकडे जाऊन संध्याकाळी परत येणे एवढीच. जूनपूर्वी होडी गोदीत चढवावी लागते, कारण पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी वाळूच्या दांड्यावर लाटा फुटतात आणि बाहेरची वाट बंद होते. ते चार महिने आम्ही गावात भाड्याच्या खोलीत काढतो. म्हणजे आमचे नवे जीवन वर्षातून आठच महिने नवे असते.

पुस्तकांचे काय केले, हा प्रश्न आमच्या क्षेत्रातल्या प्रत्येकाने विचारला. दोन हजारांवर पुस्तके होती. ती वाटली, काही ग्रंथालयाने घेतली, काही विद्यार्थ्यांनी नेली, काही रद्दीत गेली हे लपवण्यात अर्थ नाही. होडीवर साठ आली. खाऱ्या दमट हवेत पुस्तकाचे काय होते हे आम्हाला ठाऊक नव्हते. पहिल्या हिवाळ्यातच बांधणीच्या डिंकाला बुरशी धरली, सुट्या पानांची आवृत्ती निघाली. आता पुस्तके प्लास्टिकच्या घट्ट डब्यांत असतात आणि महिन्यातून एकदा उन्हाला पसरतो, पापडांसारखी. आश्चर्य म्हणजे वाचन वाढले. साठ पुस्तकांच्या घरात न वाचलेले पुस्तक हळूहळू उरत नाही, मग दुसऱ्यांदा वाचावे लागते, आणि दुसरे वाचन हे आम्ही वीस वर्षे वर्गात ज्याची शिफारस करत होतो तेच होते. आमच्यापैकी एकीने इथल्या एका महाविद्यालयात पुन्हा तासिका तत्त्वावर शिकवायला सुरुवात केली आहे. इस्त्रीची साडी पिशवीत घालून, छोटी होडी वल्हवत काठाला लागायचे, चिखलातून पाय ओढत वर यायचे, रस्त्यालगतच्या घरी पाय धुऊन, साडी नेसून बस धरायची. त्या घरच्या आजींनी पहिल्या दिवशी पाय धुवायला तांब्या पुढे केला, तो अजून करतात. तांब्यात एक लिटर मावते. वहीत त्याची नोंद नाही, असायला हवी होती.

आता नांगराची गोष्ट. पहिल्याच डिसेंबरात आम्ही जागा थोडी बदलून नांगर टाकला. नियम आम्हाला पाठ होता: खोलीच्या निदान पाचपट साखळी सोडायची. खोली मोजली ती ओहोटीला, आणि तीही नीट नव्हे. भरतीला पाणी दीड-दोन मीटर चढते हे हिशेबात धरायचे राहिले. वर्गात ज्या विद्यार्थ्याने सूत्र लिहून किंमती चुकीच्या घातल्या असतील त्याला आम्ही अर्धे गुण दिले असते. नदीने दिले नाहीत. दुपारच्या खाऱ्या वाऱ्यात आणि भरतीत नांगर सरकला, होडी हळूहळू चिखलाच्या थरावर गेली, आणि आम्ही आत बसून कोणाच्या तरी प्रबंधाची मुद्रिते तपासत होतो. ओहोटी लागल्यावर कळले. कपबशी घसरून पडली, मग डबे, मग आम्ही. रात्री दहाच्या सुमारास होडी इतकी कलंडली होती की भिंतीवर बसावे लागत होते.

एक मच्छीमार आपल्या अरुंद होडीतून जाळे पाहायला चालला होता. त्याने दिव्याचा झोत टाकला, काही न विचारता जवळ आला, आमचा दुसरा नांगर आणि लांब दोर आपल्या होडीत घेतला, वल्हवत खोल पाण्यात नेऊन टाकला आणि परत येऊन दोराचे टोक आमच्या चरखीवर कसे ताणून ठेवायचे ते दाखवले. मग भरतीची वाट पाहा, म्हणाला. ती पहाटे होती. तो घरी जाईल असे वाटले होते. तो जाळे पाहून परत आला आणि काळोखात आमच्या बाजूला आपली होडी बांधून, डोक्यावर टॉवेल घेऊन झोपला. पहाटे होडी सावरली, दोर ओढून ती खोल पाण्यात आली, तेव्हा आम्ही त्याला पैसे देऊ लागलो. त्याला राग आला नाही, पण त्याने नोटांकडे ज्या नजरेने पाहिले ती आम्ही विसरलो नाही. कोणी परीक्षेत भलत्याच प्रश्नाचे उत्तर लिहावे तशी ती नजर होती. पुढे मार्चमध्ये एका दुपारी त्याच्याच वाड्यावरच्या दुसऱ्या कोणाचे यंत्र बंद पडले आणि त्याची होडी ओहोटीबरोबर वाहत चालली, तेव्हा आम्ही दोर टाकून ती ओढून आणली. त्यांनीही आमचे आभार मानले नाहीत. पाळी आली होती, एवढेच.

‘कृतज्ञ’ हा शब्द आम्ही त्यानंतर एकदा वर्गात फोडून दाखवला. कृत आणि ज्ञ. केलेले जाणणारा. या शब्दाच्या घडणीत भावना कुठेच नाही, जाणणे आहे. आपल्यासाठी काय केले गेले, कोणी केले, किती केले, हे ज्याला ठाऊक आहे तो. फ्लॅटमध्ये आम्हाला काय ठाऊक होते? नळ उघडला की पाणी येई, बटण दाबले की दिवा लागे. त्यामागे कोणी असते याची कल्पना होती, नावे-गावे नव्हती. होडीवर दोन सौर पट्ट्या आहेत. ढगाळ दिवस असला की रात्री दिवा की पंखा हे ठरवावे लागते. पाणी वीस लिटरच्या कॅनमधून येते, एका घराच्या विहिरीवरून. विहिरीच्या मालकिणीला गुडघेदुखी आहे, तिचा मुलगा कुवेतला असतो, रहाटाची कप्पी कुरकुरते आणि तिला खोबरेल आम्ही घालतो. सात कॅन म्हणजे सात खेपा. दर खेपेला भरतीची वेळ पाहावी लागते, ती रोज पाऊणएक तासाने पुढे सरकते. म्हणजे आमच्या पेल्यातल्या पाण्याचा पत्ता आम्हाला ठाऊक आहे. हे जाणणे आपोआप झाले, आम्ही त्यासाठी काही साधना केली नाही. टाकी लहान असली की जाणावेच लागते.

आई आली ती 2024 च्या फेब्रुवारीत. आमच्या या निर्णयावर ती दीड वर्ष आमच्याशी जेमतेम बोलत होती. घर विकून माणूस घर घेतो, पाणी घेत नाही, असे तिने नातेवाइकांना सांगितले होते. लातूरहून रात्रभराचा प्रवास करून ती आली. छोट्या होडीत बसताना तिने पदर कमरेला खोचला आणि दोन्ही हातांनी कड धरली. आम्ही तिला मगरींविषयी मुद्दामच काही सांगितले नव्हते. कुंभारजुव्याच्या कालव्यात त्या आहेत आणि तो कालवा इथून लांब नाही. होडीवर चढल्यावर ती थोडा वेळ चारी बाजूंनी पाहत राहिली. मग म्हणाली, “एवढं पाणी हाय भवती. अन् प्यायचं कुठाय?”

आम्ही गादी दुमडून फळी उचलली. तिने टाकीत वाकून पाहिले, पट्टी कशी टाकायची ते विचारले, स्वतः टाकून पाहिली. वही हातात घेतली. तिला अक्षरे सावकाश लागतात, आकडे झटकन लागतात. मागची चार पाने तिने बोटाने वाचली आणि एका ओळीवर थांबली. “या दिवशी चाळीस लिटर कशानं गेलं?” त्या दिवशी लातूरहून दोन जुने सहकारी आले होते आणि त्यांनी अंघोळी केल्या होत्या. आम्ही तसे सांगितले. ती काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळपासून होडीचा कारभार तिच्या हाती गेला. तांदूळ धुतलेले पाणी एका पातेल्यात राहू लागले. भांड्यांना तीन पातेली: पहिल्यात खरकटे, दुसऱ्यात राख-साबण, तिसऱ्यात निर्मळ, आणि तिसऱ्याचे पाणी पुढच्या जेवणाला पहिले. डाळीला आधण ठेवताना झाकणावर पाणी, म्हणजे ते फुकट गरम होते. हात धुवायला तांब्याची धार करंगळीएवढी. आम्ही एक वर्ष इंग्रजी पुस्तकांतून, होडीवर राहणाऱ्या परदेशी लोकांचे अनुभव वाचून, पाणी कसे वाचवावे ते शिकत होतो. माणशी दिवसाला अकरा लिटरांवर आलो होतो आणि त्याचा आम्हाला अभिमान होता. आई असताना तिघांचे मिळून वीसवर आले. तिला हे नवे जीवन शिकावे लागले नाही. तिचे पहिल्यापासून हेच होते. आम्हीच मधली काही वर्षे गच्चीवरच्या टाकीखाली राहायला गेलो होतो.

तिला रात्री भीती वाटेल म्हणून आम्ही गावातली खोली सांगून ठेवली होती. ती नको म्हणाली. तिला पुढचा बिछाना दिला आणि आम्ही दोघे जागे राहिलो. कारण असे. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आमच्यापैकी एक चौदा वर्षांचा होता आणि त्याचे घर औसा तालुक्यात होते. आदल्या दिवशी गणपती बोळवले होते. तिकडची जुनी घरे म्हणजे हात-दीड हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचे माळवद. उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात उबदार, पिढ्यान्‌पिढ्या टिकणारी. माणसे मेली ती भूकंपाने नव्हे, त्या भिंतींनी. आमच्या घरातली दोन गेली. आईला दुपारी काढले. त्यानंतर तीस वर्षांत ती कधी बंद खोलीत गाढ झोपलेली आम्ही पाहिली नाही. गावात असेल तर पत्र्याखाली किंवा अंगणात, लातूरच्या फ्लॅटमध्ये दाराला लागून, कडी न लावता. साधा ट्रक गेला तरी उठून बसणारी ती बाई.

त्या रात्री उधाण होते. ओहोटीच्या ओढीने साखळी कुरकुरत होती, मध्येच बार्ज गेली की होडी चांगली डोलत होती. प्रत्येक हेलकाव्याला आम्ही कान देत होतो. पुढून काही आवाज आला नाही. साडेसहाला उजाडले, सातला ऊन आले, आठला आम्हालाच राहवेना म्हणून पडदा बाजूला केला. ती कुशीवर झोपली होती, तोंड किंचित उघडे. साडेआठला उठली. झोप लागली का, हलत होते ना, असे आम्ही दोघांनी एकदमच विचारले. ती केस बांधत वर पाहत म्हणाली, “लागली की. वर दगड न्हाई.”

यावर काही बोलण्यासारखे नव्हते. चहा केला.

ती अकरा दिवस राहिली. मच्छीमाराची बायको तिला भेटायला आली, दोघी काठावर दोन भाषांत तासभर बोलल्या. निघताना त्या बाईने आम्हाला एक प्रश्न विचारला, तो इथे लिहिला नाही तर हा सारा मजकूर अप्रामाणिक होईल. ती म्हणाली, आमचा मुलगा या पाण्यातून सुटावा म्हणून आम्ही त्याला शिकवले, तो आता जहाजावर खानसाम्याचे काम करतो. तुम्ही एवढे शिकून या पाण्यात का आलात? तिच्या स्वरात टोमणा नव्हता, तिला खरेच जाणून घ्यायचे होते. आम्ही काहीतरी उत्तर दिले. ते उत्तर आम्हाला आठवत नाही, इतके ते पोकळ असले पाहिजे. निवडून घेतलेली टंचाई आणि वाट्याला आलेली टंचाई यांत किती अंतर आहे हे आमच्यासारख्यांना कोणी सांगायला नको. 2016 चा एप्रिल आम्ही पाहिला होता. इथे टाकी रिकामी झाली तर आम्ही गावात खोली घेऊ, बँकेतून पैसे काढू, फार तर परत जाऊ. त्या बाईला परत जायला ठिकाण नाही, आईलाही नव्हते. आमच्या कृतज्ञतेत ही लाज मिसळलेली आहे आणि ती वेगळी काढता येत नाही. एकदा काढून पाहिली. मग जे उरले ते पर्यटकाचे समाधान होते.

आईने मात्र त्या बाईला परस्पर उत्तर देऊन टाकले होते, हे नंतर कळले. लेकरांना झोप लागते हितं, असे ती म्हणाली होती.

आता ती लातूरला धाकट्या मुलाकडे असते. रोज संध्याकाळी सातनंतर तिचा फोन येतो. पूर्वी ती जेवलात का असे विचारत असे. आता विचारते, “किती हाय टाकीत?” आम्ही आकडा सांगतो. शंभराच्या वर असला तर ती इतर विषयांवर येते: मांजरा किती टक्के आहे, कोणाचे लग्न ठरले, कोण गेले. साठाच्या खाली असला तर आधी भरतीची वेळ विचारते. काल छप्पन होते. भरती सकाळी साडेनऊला आहे, असे सांगितले. मग ती म्हणाली की विहिरीवाल्या बाईसाठी गुडघ्याला लावायचे तेल बसने पाठवले आहे, ते स्टँडवरून आठवणीने आणा, आणि तिला रिकामा कॅन घेऊन बोलावू नका, तुम्हीच वर जा.